दर रविवारी एक धर्म

देव बनवायला चार माणसं बसली की देवाच्या आधी किस्से तयार होतात. आमचे धर्म नऊ झाले. किस्से मोजायचं कधीच सोडून दिलंय!

मी जळगावला कॉलेजात क्लार्क. एका काल्पनिक जगाची कादंबरी लिहितोय. त्या जगात राक्षस आहेत, बुटके आहेत, समुद्रातले लोक आहेत, आणि प्रत्येकाला वेगळा धर्म हवा. म्हणून दर रविवारी दुपारी माझ्याकडे मीटिंग. सावद्याचा केळीवाला प्रमोद, शाळेतल्या सुनीता मॅडम आणि वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले नाना. पहिलं प्रकरण अजून लिहायचंच आहे!

*

राक्षस प्रमोदकडे दिले. त्यानं वाऱ्याचा देव केला.

"प्रार्थना काय?"

"सकाळी उठून देवाला शिव्या घालायच्या."

"हा काय धर्म झाला?"

"वादळात बाग आडवी झाली की आमचे आबा हेच करतात. आणि संध्याकाळी दिवाही लावतात!"

*

बुटके नानांकडे. त्यांच्या मंदिरात गेटवर झडती, काडेपेटी जमा, छातीला पास आणि आरतीऐवजी भोंगा.

"नाना, देव कुठाय?"

"सेकंड शिफ्टला."

*

सुनीता मॅडम देव मानत नाहीत. त्यांनी हट्टानं समुद्रातले लोक घेतले आणि त्यांना नास्तिक केलं. तिसऱ्या रविवारी त्या लोकांकडे संस्थापकाचा फोटो होता, त्याची जयंती होती, जयंतीला मिरवणूक होती आणि मिरवणुकीच्या रस्त्यावरून दोन गट पडले होते.

"मॅडम, हे काय?"

"मी नाही हो केलं. त्यांचं त्यांनीच केलं!"

*

एकदा नकाशातल्या एका टेकडीवरून पेटलं. प्रमोद म्हणे राक्षसांची, नाना म्हणे बुटक्यांची. टेकडी नखाएवढी, पेन्सिलीनं काढलेली! खोडरबर माझ्या हातात होता, पण ऐकतो कोण? "भावना दुखावल्या," म्हणून नाना उठून गेले ते दोन रविवार आलेच नाहीत.

शेवटी प्रमोदला घेऊन वरणगावला गेलो. नानांच्या पत्नी अक्का, माहेर धुळ्याचं, बोली अहिराणी. चहा देता देता त्यांनी विचारलं, "तुमना देव खरा शे का?"

"नाही, अक्का."

"मंग भांडतस कसाले?"

खरा असता तर भांडण चाललं असतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नाना मात्र पुढच्या रविवारी हजर.

*

अक्का आता ठणठणीत आहेत, म्हणून हा किस्सा सांगतो. जळगावच्या एका हॉस्पिटलात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याच आठवड्यात आम्ही ढगांत राहणाऱ्यांचा धर्म केला होता, थांबपंथ. देव येणार, केव्हा ते माहीत नाही, आपण फक्त थांबायचं. नवस नाही, पूजा नाही. "आळशांचा धर्म!" म्हणून नानांनी तो उडवून लावला होता.

अ‍ॅडमिशनच्या सकाळी आम्ही तिघंही गेलो. अक्का व्हीलचेअरवर, नाना काउंटरवर फॉर्म भरत होते. नाव, वय, पत्ता झालं. 'धर्म' या रकान्यापाशी पेन अडला. मग त्यांनी सावकाश लिहिलं, 'थांबपंथ'.

मॅडम भिंतीकडे बघायला लागल्या. प्रमोद हसला नाही.

काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म घेतला, वाचला, कॉम्प्युटरवर टाइप केला आणि मान वर न करता विचारलं,

"यांच्यात कांदा-लसूण चालतं का?"