शिरक्याचं फडकं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मालकांना नाही, लेकींना नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका. आणि आधीच सांगून ठेवते, हौसा मला तेव्हा आवडत नव्हती, आजही आवडत नाही. ती वाईट होती म्हणून नव्हे. वाईट असती तर बरं झालं असतं.

लढाईचे दिवस. मालक फौजेत, आणि मी पाचगणीला एका पारशी बाईसाहेबांच्या बंगल्यावर कामाला. बाईसाहेब दरसाल घरीच जांभळाची वाईन करायच्या. पाच मोठे काचेचे बुधले — पोट घागरीएवढं, गळा मनगटाएवढा. रिकामे झाले की आत काळी-जांभळी खपली धरलेली असायची. ती काढणं माझं काम. राख, शिकेकाई, काठीला बांधलेला काथ्या — सगळं करायची, तरी तळाच्या कडेला डाग राहायचाच. चार वर्षं राहिला. कुणी काही बोललं नाही.

मग हौसा आली, आटपाडीहून. तिकडं पाऊस नाही. घरी सासू आणि दोन लेकी हिच्या कमाईवर डोळे लावून बसलेल्या. हिच्या कनवटीला एक पिशवी, त्यात माणगंगेतले मुगाएवढे गोल खडे. ते तिनं बुधल्यात टाकले, चिंचेचं गरम पाणी ओतलं आणि बुधला मांडीवर आडवा घेऊन तान्ह्या पोरासारखा हलवत बसली. लख्ख निघाला. आणि बाईसाहेबांसमोर मला म्हणते कशी, "आक्का, चार वर्सं ह्यो डाग तुमी पाळला व्हता व्हय?"

बाईसाहेब हसल्या. हसण्यासारखं होतंच ना? मीही हसले. पण ते पोटात राहिलं — त्या डागासारखंच.

एक सहावा बुधला होता. त्यातली वाईन आंबून तिचा शिरका झालेला, तो स्वयंपाकाला ठेवलेला. तळाला लिबलिबीत साय. त्याचं फडकं दुसऱ्या बुधल्यांना लागता कामा नये, नाहीतर तेही आंबतील — हे आम्हा दोघींना बजावलेलं. जांभळं भरायच्या आदल्या दिवशी हौसानं पाचही बुधले घासून उपडे ठेवले आणि पाण्याला गेली. मी — काय सांगू — तेच फडकं शिरक्यात बुडवलं, काठीला बांधलं आणि पाचही बुधल्यांच्या आतून फिरवलं. घाई केली का? नाही. इतकं मन लावून मी ते बुधले कधी पुसलेच नव्हते.

वाईन चाखली नाताळात. म्हणजे मधले सहा महिने माझ्या हातात होते. रोज तिच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली, तिच्या लेकींचं कौतुक ऐकलं. बोलले का? नाही.

पाचही बुधल्यांचा शिरका झाला. बाईसाहेबांनी विचारलं, हौसानंच घासले होते ना? मी म्हणाले, व्हय. त्यात खोटं कुठं होतं?

तिला काढून टाकलं. जाताना तिनं खड्यांची पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली. "ऱ्हाऊ द्या आक्का. बुधलं आता तुमालाच घासायचं हाय." टोमणा होता की माया? मला त्याचाही रागच आला.

आटपाडी काही विलायतेत नाही. मी कधी गेले नाही. त्या लेकींचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही.

खडे अजून आहेत. तेलाच्या बरण्या त्यांनीच घासते. लख्ख निघतात.