लाल निशाण

अकोले तालुक्यातला डोंगर नि सातवीचा वर्ग सोडून मी नगरजवळ नागापूरला कामाला आलो. पहिल्याच दिवशी जवळची वाट म्हणून माळात शिरलो. लाल निशाण दिसलं. देवाचं समजून हात जोडले आणि पुढे निघालो.

मिशाळ पहारेकऱ्याने मनगट धरलं. "लष्कराची हद्द हाय ही. तोफा चालू असल्या की ते लाल निशाण लावत्यात. आत शिरलं की कैद व्हती, ठावं न्हाई व्हय?"

"सोडा हो दादा, नोकरी जाईल माझी!"

त्याने आधी मला पाणी पाजलं. "कैदंतनं सुटशील रं. तोफंच्या गोळ्याखाली गावलास तर कोन सोडवील?" मग सडकेपर्यंत पोचवलं.

पुढं रोज मी सडकेनेच जाई. तो लांबून काठी उंचावी. त्याचं नाव कळलं नाही. त्या निशाणाला हात जोडणं मात्र मी सोडलं नाही.