कामोठ्याचं सेटिंग, नेऱ्याची लाइन

सोलारचे इन्व्हर्टर लाइनला जोडून द्यायचे, ही माझी नोकरी. आमच्या कामात एक वाईट खोड आहे, आणि ती मलाही आहे. एका साइटवर जमलेलं सेटिंग लॅपटॉपमध्ये ठेवायचं आणि पुढच्या साइटवर डोळे झाकून टाकायचं. कामोठ्याच्या एका सोसायटीत माझं सेटिंग झकास चाललं होतं. तेच मी नेऱ्याला बाबांच्या घरी टाकलं. बाबा तिथे एकटे राहतात आणि दम्यामुळे दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. छप्पर मोठं, पॅनेल जास्त, म्हणून इन्व्हर्टरही दांडगा बसवला. लेकीच्या हातचं काहीतरी बापाच्या घरी असावं, एवढीच हौस!

दुसऱ्याच दिवशी बाबांच्या शेजारच्या मावशींचा फोन. "अगो बाय, दुपारचे आमचे दिवे नुसते फडफडतात. तुजा काय काम हाय का ता?"

"नाही हो मावशी, तुमची लाइनच तशी आहे," मी ठणकावून सांगितलं. शहाणी ना मी!

चौथ्या दुपारी बाबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. स्कूटर काढली. पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये अडकले तेव्हा समोरच्या रिक्षावाल्यावर उगाच ओरडले. त्याची काही चूक नव्हती.

बाबा खुर्चीत पुढे वाकून बसले होते, ओठ सुकलेले. मशीन बंद पडून पीं पीं करत होतं आणि वरचा दिवा लुकलुकत होता. मी धावत जाऊन इन्व्हर्टरचा स्विच पाडला. दिवा स्थिर झाला. मशीन लावलं, तर लगेच चालू. लाइनचा काही दोष नव्हता, दोष माझा होता.

इन्व्हर्टरला लाइनकडे बघत बघत चालावं लागतं. कामोठ्याची लाइन भक्कम, तिथे चपळ सेटिंग चालतं. नेऱ्याची वायर लांबवर आलेली, कमजोर. इन्व्हर्टरने जरा जोर लावला की लाइनच हलते, आणि हा गडी आपल्याच धक्क्याला लाइनची गडबड समजून उलटा जोर लावतो. जिन्यात समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकत राहतात ना, तसं. मी सेटिंगमध्ये त्याचा हा उलटा जोर लावण्याचा वेग बराच कमी केला, पुन्हा चालू केलं आणि ऊन कलेपर्यंत दिव्याकडे बघत बसले. एकदाही हलला नाही. बाबांचा श्वासही तोवर नीट झाला होता.

"कधीपासून बंद पडतंय हे?"

"बसवलंस तेव्हापासून. दुपारचं. मी बटण दाबून दाबून चालू करतो. आज काही होईना."

"अहो, मग मला फोन नाही करायचा?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"तू बसवलंयस ना," बाबा म्हणाले. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."