गावाकडे स्वतःचे घर

पहिल्याच दिवशी मी त्यांना माझं सगळं जर्मन ऐकवलं. इंगोलश्टाटमधल्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये ते वाढायला उभे होते. मांस नको आणि मांसाचा रस्साही नको, एवढंच मला सांगायचं होतं. डाव हवेत धरून त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"साहेब, मराठीत सांगा. मागे लाइन थांबलीये."

लाइनीत मी बायकोशी फोनवर बोलत होतो, ते त्यांच्या कानावर पडलं होतं.

वीस वर्षांपूर्वी ते साताऱ्याकडून इकडे आले. कसं काय विचारलं, की भांड्याच्या काठावर डाव दोनदा वाजवायचे आणि म्हणायचे, "आपलं बरं चाललंय." वाढप्याचा पगार आणि तीन मुलं. कितपत बरं चालत असेल, ते तुम्हीच ओळखा.

एकदा मात्र डाव वाजला नाही. "थोरलीच्या वर्गाची सहल आहे. म्हणते, मी जात नाही, मला बस लागते. साहेब, गावाला घाटातून जाताना तिला कधी लागली नाही."

मला किंडरत्सुशलाग ठाऊक होता. आईवडील कमावतात, पण पगार मुलांना पुरत नाही, अशा घरांना सरकार दरमहा ही भर घालतं. ती मंजूर झाली, की शाळेच्या सहलीचा खर्चही मिळतो. त्यांना मागणं नको होतं. मी म्हटलं, "मी भरतो ना फॉर्म!"

आता माझी कीर्ती सांगतो. आमच्या खानदानातल्या सात भाचे-पुतण्यांच्या लग्नाचे बायोडाटा मीच लिहिलेत. 'मालमत्ता' हा रकाना दिसला आणि माझा हात सुटला. त्यांनी सांगितलं होतं, चुलत्यांबरोबर सामाईक घर आणि थोडी जिरायत. मी लिहिलं: गावाकडे स्वतःचे घर, शेती, विहीर, आंब्याची झाडे. माझ्यावरच्या विश्वासाने त्यांनी न वाचता सही ठोकली.

उत्तर आलं: घराच्या आणि जमिनीच्या किमतीची कागदपत्रं पाठवा, तोवर अर्ज थांबवला आहे. सहलीला तीन आठवडे उरले होते.

ते पत्र आणि फॉर्मची प्रत त्यांनी काउंटरवर माझ्यापुढे ठेवली. "साहेब, ह्यातला श्रीमंत माणूस कोण? लग्नाआधी हा कागद असता, तर सासरे एवढे रडले नसते."

सहलीचे पैसे मी देतो म्हटलं, तर त्यांनी नको म्हणून नुसता हात हलवला. मग दोघं मिळून कचेरीत गेलो. मी दुभाष्या म्हणून, टाय लावून.

"तर मग," टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, "हे घर नक्की कुणाचं?"

मी टायची गाठ सैल केली. तेच बोलले, त्यांच्या मोडक्या जर्मनमध्ये. एक खोली. पत्रा गळतो. चुलते राहतात. विहीर आटलेली. पगार वीस तारखेपर्यंत पुरतो, मग बायको ताटात कमी वाढते. वीस वर्षं ज्या माणसाचं बरं चाललं होतं, तो एका अनोळखी बाईसमोर एकेक गोष्ट काढून ठेवत होता, आणि मी टायशी खेळत होतो.

"मग फॉर्मवर असं कुणी लिहिलं?"

"मीच," ते म्हणाले. "घाईत चूक झाली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

भर मंजूर झाली. पोरगी सहलीला गेली आणि बसमध्ये सगळ्यांत पुढे बसली म्हणे. पुढे त्यांच्या बायकोला ब्राउनश्वाइगला काम लागलं आणि ते सगळेच तिकडे गेले. आता काउंटरवर एक तरुण मुलगी असते. ती काही न विचारता भराभर वाढते.

कचेरीतून आलो त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. कसा रजा टाकून गेलो, कसा शेवटपर्यंत त्यांच्या शेजारी बसलो. ती गवार मोडत होती. शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "बरं झालं, ते होते तुमच्याबरोबर. नाहीतर तुमचं काही खरं नव्हतं."