पाणी तपासणाऱ्यांचे मासे

मी मस्कतला, अल् खुवैरमधल्या एका लॅबमध्ये काम करतो. आमचं काम पाणी तपासायचं. आम्ही सही केली की अख्खी बिल्डिंग बिनधास्त पाणी पिते. आणि आमच्याच स्टाफच्या घरी मासे जगत नाहीत! हे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत. दर दोन महिन्यांनी कुणीतरी पडलेल्या चेहऱ्याने पॅन्ट्रीत येतं, चहा ओतून घेतं, आणि आणखी एकाची भर पडते.

*

सुरुवात सावंतने केली. सावंत कुडाळचा. मस्कतभर गाडी फिरवून पाण्याचे नमुने गोळा करतो. त्याने हॉलमध्ये टाकी ठेवली, आठ गोल्डफिश सोडले, आठांनाही नावं दिली. महिनाभर झकास चाललं.

मग एका शुक्रवारी त्याच्या अंगात स्वच्छता संचारली. सगळं पाणी फेकलं, फिल्टरचा स्पंज भांड्यांच्या साबणाने घासला आणि कोल्डच्या नळाला पाइप लावून टाकी भरली. महिना जुलै! जुलैत गच्चीवरच्या टाकीतून कोल्डच्या नळाला जे येतं, त्यात फक्त चहापत्ती टाकायची बाकी असते.

जेवणाच्या वेळेपर्यंत आठही गेले.

"इतकी साफसफाई मी माझ्या लग्नाक पण करूक नाय!" सावंत डोळे पुसत म्हणाला.

त्याच दिवशी वहिनींनी सुरमई तळली होती. सावंत ताटाला हात लावेना.

"अहो, जेवा," वहिनी समजावत होत्या. "हिला नाव नाहीये!"

*

कुलकर्णी आमचे सीनियर केमिस्ट. पुण्याचे. सावंतची कहाणी ऐकून म्हणाले, "सायंटिफिकली करायला हवं होतं."

त्यांनी सायंटिफिकली केलं. सकाळी टाकी भरली, क्लोरीन घालवायचं औषध टाकलं, थर्मामीटर लावला आणि संध्याकाळी एकदम बारा मासे सोडले. आठव्या दिवशी दोन उरले, तेही वर येऊन धापा टाकत होते.

कुलकर्णींनी नमुना लॅबमध्ये आणून सगळ्या टेस्ट लावल्या. निकाल : पाणी उत्तम, पिण्यास योग्य.

"माशांचाच लॉट खराब होता," त्यांनी जाहीर केलं.

सावंतने हळूच विचारलं, "साहेब, नमुना कुठला घेतलात?"

"कुठला म्हणजे? नळाचा!"

दुसऱ्या दिवशी मी टाकीतलं पाणी मागवून अमोनियाची टेस्ट लावली. नळी हिरवीगार झाली, म्हणजे अमोनिया भरपूर. मासे आपल्याच घाणीत गुदमरले होते. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला. त्यावर कुलकर्णींची सही अजून व्हायचीय.

*

मी शहाणा. मी थेट हमरियात इक्बालभाईंच्या माशांच्या दुकानात गेलो. इक्बालभाई रत्नागिरीचे. माल विकायला नकार देणारा मी पाहिलेला एकमेव व्यापारी.

"टाकी कधी भरलीत?"

"काल."

"मग महिन्याने या. तोवर फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाणं टाका."

"रिकाम्या टाकीत?"

"घाण खाणारे जंतू आधी वाढू देत. मासे मागनं."

महिनाभर मी पाण्याला जेवू घातलं. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "मासे कुठायत?" बायको वैतागून सांगायची, "यायचेत. व्हिसा लागायचाय!"

महिन्याने सहा मासे आले आणि चक्क जगले. माझी आठ वर्षांची इरा त्यांच्याशी इंग्लिशमध्ये गप्पा मारायची. "बाबा, त्यांना मराठी नाही समजते," म्हणायची. पाच महिने आमच्या घरी सुख नांदलं.

मग बिल्डिंगचे पेस्ट कंट्रोलवाले आले. आम्ही भांडी झाकली, पिठाचे डबे झाकले, टाकीवर चादरसुद्धा टाकली. फक्त हवेचा पंप बंद करायला विसरलो. खोलीतलं सगळं औषध त्याने इमानदारीत पाण्यात सोडलं.

संध्याकाळी इराने चादर काढली, उलटे तरंगणारे सहाही मासे मोजले, मग टाकीचा लाइट बंद करून खोलीत निघून गेली.

आणि झुरळं? तिसऱ्या दिवशी एक टाकीच्या झाकणावर मिशा हलवत बसलं होतं. ठणठणीत!

*

एवढं होऊनही आमच्या अर्बाबना, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकांना, रिसेप्शनमध्ये टाकी हवी झाली. पाण्याची लॅब आहे, क्लायंटला मासे दिसले पाहिजेत! जबाबदारी अर्थातच कुलकर्णींवर.

या वेळी पाण्यावर कुणाला बोट ठेवू द्यायचं नव्हतं त्यांना. म्हणून त्यांनी लॅबचं डिस्टिल्ड वॉटर भरलं. इतकं शुद्ध, की जगायला लागणारे क्षारसुद्धा त्यात नाहीत. वर वीस मासे!

तिसऱ्या सकाळी कुलकर्णी पॅन्ट्रीतली चहाची गाळणी घेऊन एकेक मेलेला मासा बाहेर काढत होते. सावंत बादली धरून उभा. नेमके तेव्हाच अर्बाबचे वडील सूर या बंदराच्या गावाहून आले. वय ऐंशीच्या पुढे, सगळा जन्म समुद्रावर मासेमारीत गेलेला. म्हातारबाबा सोफ्यावर बसले आणि कहवा घेत शांतपणे बघत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी अरबीत काहीतरी विचारलं. अर्बाबनी आम्हाला हिंदीत सांगितलं, "किती होते, विचारतायत."

"वीस," कुलकर्णी म्हणाले.

"आणि जगतील किती?"

"इन्शाल्ला... दोन."

म्हातारबाबांनी कप खाली ठेवला. बादलीत डोकावले. मग कुलकर्णींकडे वळून, अगदी आदराने, एकच वाक्य बोलले. अर्बाबना हसू आवरेना. आम्ही थांबून राहिलो.

"बाबा म्हणतात, साठ वर्षं मी मासे मारले. पण मला जाळं लागायचं."