शेवटचा नग

निखिलच्या आत्यांचा कुठल्याही कामातला पहिला शब्द ‘थांब’ असायचा. किल्ली कुलपात घालताना थांब, लिफ्टचं दार उघडलं की थांब, दूध उतू जायला आलं तरी आधी थांब आणि मग गॅस बंद. घराबाहेर पडलं की अर्ध्या जिन्यातून परत वर जाऊन त्या कडी ओढून बघायच्या, आणि खाली आल्यावर गॅस बघितल्याचं आठवेना म्हणून पुन्हा वर. निखिलने लहानपणी त्यांचं नाव थांबाआत्या ठेवलं होतं आणि त्यांनी ते बिनतक्रार चालवून घेतलं होतं. आमच्या लग्नात त्यांनी भर मंगलाष्टकांत भटजींना थांबवलं, कारण समईची ज्योत माझ्या शालूच्या फार जवळ आहे असं त्यांना वाटलं. समई शालूपासून तीन हात लांब होती. माझ्या आईने ते अजून मनातून काढून टाकलेलं नाही.

मी अगदी उलट. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं माझं काम, त्यामुळे नियम लिहिलेला असला की तो पाळायचा आणि पुढे जायचं, एवढंच मला कळतं. पण तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा माझ्याकडे पाळायला नियमच उरले नाहीत. आधीची दोन मुलं चौथा महिना पुरा व्हायच्या आत गेली होती, आणि दोन्ही वेळा मी सगळं काही सांगितल्याप्रमाणेच केलं होतं. या वेळी पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. दिवसा घरात कोणीतरी हवं होतं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून निखिलने डोंबिवलीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आत्या दोन पिशव्या घेऊन बाळकुमला आमच्या गेटवर उभ्या. शीळफाट्याला गाड्या अडकतील या भीतीने त्या उजाडायच्या आधीच निघाल्या होत्या. खरं सांगायचं तर त्यांना बघून मला बरं वाटलं नाही. माझी एकटीची काळजी मला पुरत होती, त्यात ही आणखी एक मूर्तिमंत काळजी घरात आली होती.

माझं मन रमावं म्हणून निखिलने पक्ष्यांचा एक खेळ मागवला होता. फासे टाकून पुढे पळायचा नव्हे, डोकं चालवायचा. प्रत्येकाचं आपलं एक रान. दाणे, किडे, मासे मोजून रानात पक्षी आणायचे, त्यांच्या घरट्यांत अंडी साठवायची, शेवटी ज्याचं रान भरलेलं तो जिंकला. पुठ्ठ्याचे दाणे आणि रंगीत प्लॅस्टिकची, करंगळीच्या नखाएवढी साठ अंडी. पत्त्यांवरचे पक्षी परदेशी होते, पण आत्यांनी त्यांना खंड्या, बगळा, सुगरण अशी नावं देऊन टाकली. दुपारची जेवणं झाली की माझ्या पलंगावर पाट ठेवून आम्ही खेळायला बसायचो. रविवारी निखिल आणि शेजारची पल्लवीही येऊन बसायचे. पल्लवी हरायला लागली की चहा करायला उठायची आणि आमच्याच स्वयंपाकघरातून चिवडा शोधून आणायची.

आत्या कधीच जिंकल्या नाहीत, आणि त्याला कारण होतं. खेळात एक नियम होता: रानाच्या आतल्या घरात नवा पक्षी आणायचा तर आपल्याच एखाद्या घरट्यातलं अंडं परत डब्यात टाकावं लागायचं. आत्या दोन-तीन अंडी असतील तिथलं एखादं उचलायच्या, पण कुठल्याही घरट्यातलं शेवटचं अंडं त्यांनी कधी दिलं नाही. त्यापेक्षा त्या पक्षीच आणायच्या नाहीत. त्यांचं रान अर्धं ओसाड राहायचं आणि प्रत्येक घरट्यात एकेक अंडं बसलेलं असायचं. हे त्यांनी नोकरीतून उचललं होतं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्या तीस वर्षं स्टोअरकीपर होत्या. रॅकवर शेवटचा नग उरला की तो द्यायचा नाही, नवा माल आला की मगच जुना हलवायचा, हा त्यांचा शिरस्ता. एकदा शेवटच्या बेअरिंगवरून सुपरवायझरने त्यांच्यावर आवाज चढवला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत, आणि त्याच संध्याकाळी मोठं मशीन बंद पडून तेच बेअरिंग लागलं. ही गोष्ट मी त्या चार महिन्यांत निदान वीस वेळा ऐकली असेल.

मला त्याचा वैताग यायचा. त्यात आणखी एक भर पडली होती. पहिल्या आठवड्यातच साठातलं एक अंडं, निळं, हरवलं. मी पलंगावरून न उठता निखिलकडून गाद्या उलटवल्या, केराची पिशवी रिकामी करवली, खेळ विकणाऱ्यांना तक्रारीचा मेल लिहिला. बाकी काहीच माझ्या हातात नव्हतं, तेव्हा निदान डब्यातल्या वस्तू तरी पुऱ्या भरायला हव्यात असं मला वाटत होतं. रोज खेळ आवरताना मी मोजायचे आणि रोज एकोणसाठ भरायची. आत्या जवळच बसून वाती वळत असायच्या. “सारखं मोजू नये गं,” एवढंच म्हणायच्या.

एका दुपारी मी माझ्या सुगरणीचं एकुलतं अंडं उचललं, तसा त्यांनी माझा हात धरला. “थांब, मृणाल. माझे चार दाणे घे, पण ते राहू दे.” माझा पारा चढला. असं चालत नाही, नियम वाचा, मी म्हणाले. मग जे बोलायचं नव्हतं तेही बोलले.

“आत्या, हे पुठ्ठ्याचे पक्षी आहेत. यांचं अंडं राखून माझं मूल राहणार आहे का?”

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हात मागे घेतला आणि त्या पत्ते नीट लावत बसल्या. “तसं नाही गं,” त्या म्हणाल्या, “मला दुसरं काही येत नाही.” मला तेव्हाच माफी मागायची होती, पण मी कूस बदलून झोपल्याचं सोंग केलं. त्या दिवसापासून मी शेवटचं अंडं उचलायला गेले की त्या खिडकीबाहेर बघायच्या.

एकतिसाव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी आम्ही डाव मांडला, आत्यांनी चहाचं आधण ठेवलं, आणि मला खाली ओलं लागलं. चादरीवर रक्त होतं. मी आत्यांना हाक मारली आणि आता त्या ‘थांब’ म्हणतील, मग त्यांना मीच धीर द्यावा लागेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात येऊन गेलं. त्या आल्या, चादर बघितली आणि म्हणाल्या, “चल.” एवढंच. फाइल आणि पर्स एका हातात, दुसरा हात माझ्या पाठीमागे. लिफ्ट आली तशा आत शिरल्या. खाली वॉचमनच्या खुर्चीवर मला टेकवलं आणि त्या रस्त्याकडे गेल्या. रिक्षा होत्या, पण सगळ्या भरलेल्या, भरधाव. सिग्नल मिळाला तरी जी बाई फुटपाथ सोडायची नाही ती वाहतुकीच्या मधोमध जाऊन हात वर करून उभी राहिली. त्या दिवसातला त्यांचा एकमेव ‘थांब’ मी ऐकला तो रिक्षावाल्यासाठी. आतल्या दोन कॉलेजच्या मुली मला बघून आपणहून उतरल्या.

कापूरबावडीला गाड्या तुंबल्या होत्या. पोटात हालचाल कळत नव्हती. मी पोटावर हात दाबून मोजत होते आणि कशाची मोजणी करतेय तेच मला समजत नव्हतं. आत्या शेजारी ताठ बसून माझा दुसरा हात धरून होत्या.

हॉस्पिटलमध्ये नर्सने रक्तगटाचं कार्ड मागितलं. फाइलमध्ये ते नव्हतं. आत्यांनी पर्स माझ्या पलंगावर उपडी केली. चष्म्याचं घर, सेफ्टी पिना, बीपीच्या गोळ्या, बसची तिकिटं, माझं कार्ड, आणि त्या सगळ्यात एक निळं अंडं. मी त्यांच्याकडे बघितलं. चोरी पकडली गेल्यासारख्या त्या ओशाळल्या.

“पहिल्याच दिवशी काढून ठेवलेलं,” त्या म्हणाल्या. “खेळात आलं तर कोणीतरी खर्चून टाकेल. एक नग आपल्याकडे शिल्लक असावा.”

मी ते अंडं उचलून त्यांच्या मुठीत ठेवलं आणि मूठ मिटली. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं. काही क्षण नुसती खरखर. मग घोडा दौडावा तसे ठोके.

संध्याकाळी निखिल घरी गेला तेव्हा पल्लवी आमच्या दारात खुर्ची टाकून बसलेली होती. दार सताड उघडं होतं आणि चहाचं भांडं जळून कोळसा झालं होतं. वास आला म्हणून तिने येऊन गॅस बंद केला होता. हे ऐकवल्यावर आत्या फक्त “हो का?” म्हणाल्या. पुढे सतरा दिवस त्या हॉस्पिटलात माझ्याजवळ होत्या. कडी लावली का, गॅस बघितला का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. अठराव्या दिवशी इरा झाली, दीड किलोची. ती काचेच्या पेटीतून बाहेर आली त्या दिवशी आत्यांनी डोंबिवलीच्या पिशव्या भरल्या आणि निघताना आमच्या दाराची कडी दोनदा ओढून बघितली.

गेल्या वर्षी आत्या गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांची पर्स निखिलने आणून आमच्या कपाटात ठेवली. आतलं काही आम्ही काढलेलं नाही. ‘त्या दिवशी मी तोडून बोलले’ हे त्यांना सांगायचं माझं राहूनच गेलं.

इरा आता पाच वर्षांची आहे आणि मोजणीच्या बाबतीत माझ्यावर गेली आहे. परवा तिने खेळ काढला, अंडी दहा-दहाच्या ढिगात लावली आणि तक्रार घेऊन आली. एक कमी आहे, निळं. मी म्हटलं, ते आत्याआजीच्या पर्समध्ये आहे.

“मग काढून आणू?” ती कपाटाकडे निघालीसुद्धा.

“थांब,” मी म्हणाले. माझा आवाज जरा मोठाच झाला असावा, कारण ती दचकून जागीच उभी राहिली. “ते खेळात आणायचं नसतं, बाळा.”

तिने का म्हणून विचारलं नाही, डाव मांडायला घेतला. मी उठून दाराची कडी बघून आले. मग तिच्यासमोर बसले, पत्ते हातात घेतले, आणि पुन्हा उठून गॅस बघून आले.