झाडाला पाणी घालणारा संशयित

बीअर गार्डनवाल्या बाईंच्या त्या भाच्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला, की निवृत्तीनंतर इतकी वर्षं होऊनही माझं डोकं फिरतं. नोकरीत चोर पाहिले, भामटे पाहिले, बायकोला बडवणारे पाहिले. त्यांचा राग घटकाभर यायचा आणि जायचा. याचा राग अजून गेलेला नाही.

मी मूळचा नागपूरचा. शाळकरी वयात आई-वडिलांबरोबर अमेरिकेत आलो आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान शहरात पोलीस डिटेक्टिव्ह झालो. या शहरात एक जुनं जर्मन बीअर गार्डन होतं. मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या आजोबांनी जर्मनीहून येऊन ते काढलं आणि अंगणात चेस्टनटची तीन झाडं लावली. दारूबंदीच्या काळात बीअरऐवजी सरबत विकून त्यांनी ते तगवलं. त्यांचा एक रिवाज मात्र कधी मोडला नाही: बीअर आमची घ्या, आमचं सॉसेज नको असेल तर खाणं घरून आणा. आपल्या मराठी पोरांना आणखी काय पाहिजे? दर शनिवारी सॉफ्टवेअरवाल्यांचा घोळका डबे घेऊन तिथे ठाण मांडायचा. पोळी, भाजी, ठेचा आणि थंडगार बीअर. बाईंनाही ठेच्याची चटक लागली होती.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात त्यातली दोन झाडं वाळायला लागली. रोग पडला असेल, असं बाईंना वाटलं. त्यांची झोप उडाली होती, कारण नगरपालिकेने त्या अंगणाला संरक्षण दिलं होतं ते या झाडांमुळे. झाडं गेली की संरक्षण उठणार आणि तिथे इमारत बांधायला कोणालाही परवानगी मिळणार.

अशात बाईंचा भाचा ठाण्यात आला. बार तोच सांभाळायचा. "ती इंडियन पोरं झाडांच्या मुळाशी तणनाशक ओततात," म्हणाला आणि पुरावा म्हणून फोटो पुढे केला. एक तरुण बुंध्यापाशी बाटली उपडी करतोय, एवढं त्यात स्पष्ट दिसत होतं. आमच्या साहेबांनी त्याची लेखी तक्रार माझ्यापुढे सरकवली. "तुझी माणसं आहेत, तूच बघ." माझी माणसं! त्याच शहराच्या गणवेशात माझी उमर गेली होती, माझी मुलं तिथल्या शाळेत शिकली होती. दात-ओठ खाल्ले आणि कामाला लागलो.

फोटोतला तरुण पुण्याचा होता, वर्क व्हिसावर आलेला. मी त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले.

"काका, आय स्वेअर, साधं पाणी होतं. जेवण झालं की बॉटलमध्ये उरतं ना, ते ओततो. वेस्ट कशाला करायचं? आई घरी कुंडीत ओतते, तीच सवय."

"कुठल्या झाडाला ओततोस?"

"आमच्या टेबलाजवळच्या. गेटपासून लास्टचं." मग डोळे पुसत म्हणाला, "ऑफिसमध्ये कळलंय, काका. केस क्लिअर होईपर्यंत माझं व्हिसा एक्स्टेन्शन होल्डवर ठेवलंय. मला परत पाठवतील यार."

मी तडक बीअर गार्डन गाठलं. फाटकापासूनचं शेवटचं झाड हिरवंगार होतं. वाळत होती ती अलीकडची दोन. मग झाडांचा जाणकार बोलावून त्या दोन्हींच्या मुळांवरची माती उकरायला लावली. मुळांना ड्रिलने भोकं पाडून वरून मेण भरलेलं होतं. मातीचे आणि लाकडाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल आला: तणनाशक.

बाईंना ते सांगितलं आणि तक्रारीत त्या पुण्याच्या मुलावर आळ घेतलाय, तेही सांगितलं. त्या भडकल्या. "पहिल्या महायुद्धात या गावाने आवई उठवली होती, की हा जर्मन सॉसेजमध्ये काचेचा चुरा घालतो. आमच्या खिडक्या फोडल्या. आजोबा मरेपर्यंत लोक ताटातलं सॉसेज कापून बघायचे. आता या पोराची पाळी का?"

भाच्याला चौकशीला बसवलं. तक्रार त्याच्यासमोर ठेवली. "अहवाल काल आला. तोवर तुमच्या आत्यासकट सगळे रोगच समजत होते. तुम्ही तणनाशक कसं लिहिलंत?"

आधी हसला, मग वकील मागितला. पण त्याच्या गॅरेजमध्ये मेणाने माखलेला ड्रिल सापडल्यावर वकिलानेच त्याला कबुली द्यायला लावली. आत्यानंतर जागा त्याचीच होती आणि एक बिल्डर मागे लागला होता. इथवर मी शांत होतो. लोभ काही नवा नाही. मी विचारलं, "त्या मुलाचं नाव का घेतलंत?"

खांदे उडवून म्हणाला, "ते काय, दोन-चार वर्षांत परत जाणारेच. त्याला काय फरक पडतो?"

मी खोलीबाहेर गेलो. तिथे थांबलो असतो तर माझीच चौकशी लागली असती. ज्या घराने खोट्या आळाचे दगड खाल्ले, त्याच घरातला हा माणूस तेच किटाळ दुसऱ्याच्या पोरावर ढकलत होता आणि त्याला त्याची लाजही नव्हती.

सरकारी वकिलांनी तडजोड काढली: भाचा झाडांचा गुन्हा कबूल करेल, बाईंना भरपाई मिळेल, खोट्या तक्रारीचा आरोप सोडून देऊ. बाईंनी साफ नकार दिला. "झाडांचं हवं तर सोडा. खोट्या तक्रारीचं ठेवा. माझ्या आजोबांनी काही केलं नव्हतं, असं कोणीही कधी कागदावर लिहिलं नाही. या मुलाचं लिहा." भरपाईवर पाणी सोडलं आणि बाई हटल्या नाहीत.

गुन्हेगार सापडला की आमचं काम झालं, असं आम्ही पोलीस समजतो. ज्याच्याकडे उगाच बोट दाखवलं, त्याची फाइल आम्ही बंद करतो आणि तो मान खाली घालून घरी जातो. पुढे गाव त्याच्याकडे कसं बघतं, याच्याशी आम्हाला देणंघेणं नसतं. ते असायला हवं, हे मला त्या म्हातारीने शिकवलं. त्यानंतर प्रत्येक प्रकरणात निर्दोष माणसाचं नाव मी स्वतः लेखी मोकळं करून घेतलं, साहेबांनी कितीही तोंड वाकडं केलं तरी.

सुनावणीला तो पुण्याचा मुलगा मागच्या बाकावर बसला होता, शेजारी त्याच्या कंपनीची अधिकारी. भाचा उभा राहिला आणि खाली बघत पुटपुटला, "मी खोटं बोललो. त्याने काहीही केलेलं नव्हतं."

न्यायाधीश काही म्हणायच्या आतच बाई पहिल्या बाकावरून कडाडल्या, "मोठ्याने बोल."